गडब ते लॅमिंग्टन रोड

कोकणातील माणसास मुंबईचे वर्णन ऐकविणे म्हणजे भाच्यास मामाच्या घराची वाट सांगण्यासारखे आहे. आमच्या पेण तालुक्यात असे घर विरळाच, की ज्यातील निदान एक पुरुष पोटापाण्यासाठी मुंबईस गेला नाही. आमच्या आजोबांच्या पिढीतील मंडळी धरमतरच्या बंदरात आगबोटीवर चढत. वडिलांच्या पिढीस मोटारींची सडक लाभली. आम्हांस रेल्वे मिळाली. आणि जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावा-शेवा हा सुमारे २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाल्यापासून तर समुद्रावरूनच रस्ता गेला. तेव्हा राणीचा बाग, गेटवे किंवा चौपाटी यांचे वर्णन करून मासिकाची पाने अडविण्याचा माझा विचार नाही. परंतु मुंबईत एक रस्ता असा आहे, की जेथे आमच्या वयाची माणसे सहसा पाऊल टाकीत नाहीत आणि ज्याचे नाव घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी मात्र सदैव असते. त्या लॅमिंग्टन रोडची यात्रा २०२५ सालच्या माघ महिन्यात मला घडली. तिचा वृत्तान्त अनेक घरांस उपयोगी पडेल, म्हणून लिहीत आहे.

प्रथम आमच्या गावाविषयी चार शब्द सांगणे अवश्य आहे. कारण पुढे जी खरेदी झाली ती गावाचे हवापाणी पाहूनच झाली. पेणहून गोव्याच्या रस्त्याने निघाले म्हणजे वडखळचा नाका लागतो. तेथून उजवीकडे अलिबागचा फाटा जातो. सरळ पुढे डोलवी आणि मग गडब. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस धरमतरच्या खाडीचा खारेपाट. भरतीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून पूर्वजांनी बांध घातले आणि त्या बांधांच्या आत भात पिकविले. माघात भाताची कापणी केव्हाच आटोपलेली असते, शेतात वाल लवलेला असतो, आणि संध्याकाळी भांबुर्ड्याच्या पाल्यात शिजणाऱ्या पोपटीचा वास गावभर पसरतो. हे सर्व रम्य खरे. परंतु येथील वाऱ्यात मीठ आहे. खिडकीचे गज, विळीचे पाते, सायकलीची साखळी यांना गंज चढण्यास एक पावसाळा पुरतो. त्यात २०११ पासून महामार्गाचे चौपदरीकरण चालू झाल्यावर दारावरून जाणाऱ्या रहदारीची धूळ ओटीवर येऊन बसू लागली. शिवाय पावसाळ्यात वीज येते त्याहून अधिक वेळा जाते. अशा गावात नाजूक विद्युतयंत्र आणून बसवावयाचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

आता प्रसंग असा. आमचे कुटुंब दोन भावांचे, एकत्र, लहानमोठी अकरा माणसे. माझी थोरली नात पेणच्या महाविद्यालयात संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्गात शिकते. पहिले वर्ष तिने मोबाईलवर आणि कॉलेजातील यंत्रावर कसेबसे काढले. माझा पुतण्या वडखळच्या काही दुकानदारांचे हिशेब लिहितो व त्यांची करांची विवरणपत्रे भरतो. त्यासही यंत्र हवे होते. धाकट्या नातवास अर्थातच खेळ हवे होते. घरात त्या वेळी ६०,००० रुपये जमले होते, पैकी बरेचसे घरातील मंडळींनी दोन वर्षे पोह्याचे पापड व मिरगुंडे करून विकल्याचे. पडवीची कौले बदलून घ्यावी, असे त्या पैशाविषयी ठरलेले होते. रात्री ओटीवर सर्वजण बसलो. सुताराकडून अंदाज घेतला असता, अत्यंत निकडीची तेवढीच कौले व रिपा बदलल्या तर १५,००० त भागेल असे समजले. तेव्हा यंत्रासाठी ४५,००० हून एक रुपयाही अधिक खर्चावयाचा नाही, असा निर्णय झाला. हा आकडा केवळ काटकसरीचा नव्हता. तो ओलांडला तर ज्येष्ठात पडवीत पाणी येणार होते.

यानंतर वाद माजला तो लॅपटॉप की डेस्कटॉप, यावर. नातीच्या बहुतेक मैत्रिणींजवळ लॅपटॉप होते. ते मिटून पिशवीत घालता येतात, कॉलेजात नेता येतात. आणि मुख्य म्हणजे ज्याच्या पिशवीत असेल त्याच्याच मालकीचे असतात. डेस्कटॉप माजघरातील टेबलावर बसणार आणि म्हणून तो सर्वांचा होणार. एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांस यातील मख्खी सांगावयास नको. जी वस्तू सर्वांची असते ती व्यवहारात ज्याचा आवाज मोठा त्याची होते, आणि अभ्यास करणाऱ्या मुलीचा आवाज घरात क्वचितच मोठा असतो. नातीच्या मनातील भीती तिने बोलून दाखविली नाही, परंतु तिच्या आजीने ती ओळखली आणि सरळ विचारले, "यंत्र आणाल, पण पोरीला ते हाती कधी लागायचं?"

विशेष हे, की डेस्कटॉपच्या बाजूने कौल शेवटी नातीनेच दिला. तिचे म्हणणे थोडक्यात असे होते: त्याच किमतीत डेस्कटॉपची शक्ती अधिक, त्याचा प्रत्येक अवयव सुटा असल्यामुळे जो बिघडेल तेवढाच बदलता येतो, आज पैसे कमी असतील तर उद्या भर घालता येते. लॅपटॉपमध्ये यांतील पुष्कळ गोष्टी पक्क्या जोडलेल्या असतात. तयार डेस्कटॉप घेण्याऐवजी सुटे भाग निवडून जुळविले तर प्रत्येक रुपया कोठे जातो हे आपणांस कळते. "मात्र आजोबा, रात्री आठ ते अकरा तो माझा," एवढी अट तिने घातली. ती सर्वांनी मान्य केली. मान्य करणे आणि पाळणे यांत अंतर असते, हे तिला व मला दोघांनाही ठाऊक होते.

पुढील आठ दिवस तिने मला यंत्राची अंगे समजावून दिली. माझा जन्म शाळेत संस्कृत शिकविण्यात गेलेला. त्यामुळे नवी गोष्ट जुन्या खुंटीवर टांगल्यावाचून माझ्या ध्यानी राहत नाही. तिने सात मुख्य भाग सांगताच मला राज्याची सात अंगे आठवली: स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. प्रोसेसर हा स्वामी. सर्व आज्ञा तेथून सुटतात. त्याच्या शेजारी बसून चालू कामाचे कागद हातात धरणारी रॅम ही अमात्य. ज्यावर सर्वांची वस्ती तो मदरबोर्ड म्हणजे जनपद. संग्रह राखणारी एसएसडी ही कोश. बाहेरचे कॅबिनेट हा दुर्ग. घरची वीज घेऊन प्रत्येक भागास मोजून शक्ती पुरविणारा एसएमपीएस म्हणजे दंड, अर्थात बल. आणि ज्यांच्यावाचून राजाचा बाहेरच्या जगाशी व्यवहार होत नाही, ते मॉनिटर व कीबोर्ड हे मित्र.

कौटिल्याच्या मते या अंगांत आधीचे अंग नंतरच्याहून महत्त्वाचे. स्वामीवरील संकट सर्वांत घोर. मी तसे सांगताच नातीने मान हलविली. तिचे मत, स्वस्तातला एसएमपीएस बिघडला तर तो स्वामीसकट सर्व राज्य जाळून जातो. म्हणून सर्वांत दुर्लक्षित अंगाकडे आधी पाहावे. मला कामंदकाचा नीतिसार आठवला. त्याने सातही अंगे परस्परांस उपकारक म्हटली आहेत. नात कामंदकाच्या पक्षाची निघाली, आणि यादी त्याच धोरणाने झाली.

बुधवारी पहाटे निघालो. आदितवारी लॅमिंग्टन रोडवरील बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून आठवड्यातील मधला वार निवडला होता. एस.टी.त मला ज्येष्ठ नागरिकाचे अर्धे तिकीट आणि नातीला मार्च २०२३ पासून स्त्रियांस मिळणारे अर्धे तिकीट. दोघे मिळून एका माणसाच्या भाड्यात पनवेलपर्यंत गेलो. पेण सोडल्यावर हमरापूरच्या बाजूस गणपतीच्या कारखान्यांतून पांढऱ्या मूर्तींच्या रांगा दिसू लागल्या. भाद्रपदास सहा महिने अवकाश असला तरी तेथे काम सुरूच असते. एकजण साचा भरतो, दुसरा सांधे घासतो, तिसरा रंग देतो आणि डोळ्यांची आखणी करणारा कारागीर निराळाच. आमच्या यंत्राचीही जन्मकथा याहून फारशी वेगळी नव्हती. जो प्रोसेसर आम्ही घेणार होतो त्याची रचना अमेरिकेतील कंपनीची आणि घडण तैवानमधील कारखान्याची. बाकीचे भाग आणखी कोठकोठले. हमरापूरचे कारागीर एका आळीत बसतात, हे समुद्रापलीकडे बसतात, इतकाच भेद.

पुढे कर्नाळ्याच्या खिंडीत सुळक्याचे दर्शन झाले. पनवेलला हार्बर मार्गाची लोकल धरली, कुर्ल्यास गाडी बदलून दादर, आणि दादरहून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड. स्थानकाच्या पूर्वेस बाहेर पडून थोडे चालले की लॅमिंग्टन रोड लागतो.

लॉर्ड लॅमिंग्टन हे १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. त्यांचे नाव या रस्त्यास पडले. आज त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. परंतु बोलण्यात जुनेच नाव टिकून राहिले आहे. माझ्या तरुणपणी हा रस्ता चित्रगृहांचा म्हणून माहीत होता. येथल्याच मिनर्व्हात १९७५ साली लागलेला 'शोले' पाच वर्षे चालला. याच मार्गाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पोलीस ठाण्यातील सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात, गिरगाव चौपाटीपाशी, हाती केवळ काठी असता अतिरेक्याची बंदूक धरून ठेवली आणि प्राण दिले. त्यांस मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. ठाण्याची पाटी दिसताच आम्ही दोघेही क्षणभर थांबलो. कोणी थांबा म्हटले नव्हते.

मग बाजार सुरू झाला. रेडिओचे सुटे भाग मिळण्याचे ठिकाण म्हणून या रस्त्याची ख्याती जुनी. संगणक नंतर आले. एकेका इमारतीत जिने चढून जावे, तो प्रत्येक मजल्यावर हातभर रुंदीची दुकाने. पदपथावर तारांची भेंडोळी, पंखे, चार्जर. हमाल डोक्यावर मॉनिटरांची खोकी घेऊन "बाजू, बाजू" करीत धावतात. दुकानात माल थोडा आणि माणसे फार. एखादी वस्तू मागितली, की पोऱ्या शेजारच्या इमारतीत पळतो आणि पाच मिनिटांत घेऊन येतो. मराठी, गुजराती, हिंदी यांची तेथे एक मिसळण झाली आहे. तिच्यात इंग्रजी आकडे खडीसाखरेसारखे पेरलेले.

पहिल्या दुकानात एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट घडली. दुकानदार सर्व माहिती माझ्याकडे तोंड करून सांगत होता. मी पांढऱ्या केसांचा आणि पैशाची पिशवी माझ्या काखेत. त्याची समजूत स्वाभाविक होती. मी म्हणालो, "शेठ, घेणारी ती आहे. मी पिशवी धरण्यापुरता." त्याने नातीकडे पाहिले आणि एका प्रोसेसरचे नाव घेतले. तो आमच्या यादीतील प्रोसेसरहून तीनएक हजारांनी स्वस्त होता. मला मोह पडला. नातीने खोक्यावरील आकड्यापुढचे 'एफ' हे अक्षर दाखविले. इंटेलच्या प्रोसेसरवर हे अक्षर असले म्हणजे त्यात पडद्यावर चित्र उमटविण्याची अंगभूत सोय नसते. त्यासाठी ग्राफिक्स कार्ड वेगळे घ्यावे लागते. म्हणजे तीन हजार वाचवून पुढे त्याच्या दुपटीहून अधिक घालवावे लागणार. "कार्ड नको असेल तर हा घेऊन पडदा काळाच राहील," ती शांतपणे म्हणाली. त्यानंतर दुकानदार माझ्याकडे पाहीनासा झाला. त्याने मागून तिला बसावयास स्टूल दिले, आणि मला चहा.

आम्ही घेतला तो एएमडी कंपनीचा रायझेन ५ ५६००जी. हा २०२१ साली निघाला. त्यात सहा गाभे आहेत, म्हणजे सहा कारकून एकाच कचेरीत. आणि चित्राची सोय अंगचीच. नवी पिढी निघालेली असता जुने का घ्यावे, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर असे, की नव्या पिढीचा प्रोसेसर घेतला म्हणजे त्याच्या जोडीचा मदरबोर्डही नवा व महाग, आणि रॅमही डीडीआर ५ जातीची लागते. आमच्या मदरबोर्डास डीडीआर ४ चालते. या दोन जातींच्या पट्ट्यांची खाच निरनिराळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. सुटे भाग घेताना हा गोत्रविचार आधी करावा. प्रोसेसर, मदरबोर्ड व रॅम यांची पत्रिका जुळल्यावाचून लग्न ठरवू नये.

रॅम आणि एसएसडी यांतील भेद घरात अनेकांस कळत नव्हता. मी त्यांना तो शाळेच्या भाषेत सांगितला. रॅम म्हणजे फळा: चालू तासाचे सर्व त्यावर लिहावे आणि तास संपला, वीज गेली, की पुसले जावे. एसएसडी म्हणजे कपाट: तेथे ठेवलेले उद्याही राहते. फळा लहान असला तर शिक्षकास वारंवार पुसून लिहावे लागते. यंत्र मंद चालते त्याचे एक कारण हेच. आम्ही १६ जीबी रॅम घेतली, परंतु एका पट्टीत नव्हे, ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत. दोन दारांनी ने-आण झाली की काम लवकर होते, आणि जेथे चित्राचे कामही प्रोसेसरकडेच असते तेथे हा फरक विशेष जाणवतो. मदरबोर्ड चार खाचांचा निवडला, म्हणजे पुढे आणखी दोन पट्ट्यांस जागा राहिली.

दुपारी उडप्याकडे जेवून पुन्हा बाजारात आलो तो एसएमपीएसचा प्रश्न निघाला. एका दुकानात रंगीत दिव्यांचे काचेचे कॅबिनेट होते आणि त्यासोबत एसएमपीएस 'फुकट' मिळत होता. धाकट्या नातवाने निघताना दिव्यांविषयी मला बजावून सांगितले होते. नातीने तो एसएमपीएस हातात घेऊन नुसता तोलून पाहिला आणि खाली ठेवला. तो विलक्षण हलका होता. त्यावर आकडा मोठा छापला होता. परंतु नामांकित बनावटीचे आणि प्रमाणित कार्यक्षमतेचे चिन्ह त्यावर नव्हते. आमच्या यंत्रास दीडशे वॉटच्या आतबाहेर शक्ती पुरते. तेव्हा फुगविलेल्या आकड्याचे प्रयोजन नव्हते, गुणाचे होते. तिने ४५० वॉटचा, प्रमाणपत्राचा व अनेक वर्षांच्या हमीचा एसएमपीएस स्वतंत्र घेतला. कॅबिनेट साधे, काळे, परंतु पुढे धूळ अडविणारी व काढून धुता येणारी जाळी असलेले. दिव्यांचे पैसे वाचले ते यूपीएसकडे वळविले. गडबात दिव्यावाचून चालेल. दिवा गेल्यावर काम जतन करण्यास दहा मिनिटे मिळाल्यावाचून चालणार नाही.

पावतीविषयी एक सूचना. काही भाग या बाजारात खोक्यावाचून, 'ट्रे'चे म्हणून, स्वस्त मिळतात. त्यांस उत्पादकाची हमी नसते. तसेच "बिल नको असेल तर कमी करतो" हे वाक्य दिवसात तीनदा ऐकले. प्रत्येक भागाचा क्रमांक लिहिलेली, १८ टक्के कर लावलेली पावती आम्ही सर्व ठिकाणी घेतली. हमीच्या वेळी तीच पावती कामास येते.

एकंदर हिशेब येणेप्रमाणे झाला: प्रोसेसर ११,५००, मदरबोर्ड ६,८००, रॅम ३,४००, एसएसडी ३,३००, एसएमपीएस ३,४००, कॅबिनेट २,४००, मॉनिटर ७,६००, कीबोर्ड व माऊस ९००, यूपीएस ३,४००. एकूण ४२,७०० रुपये. उरलेले २,३०० नातीने मोजून माझ्या हातावर ठेवले.

शेवटच्या दुकानी मालकाने औदार्याने विचारले, "विंडोज टाकून देऊ का? पैसे नाही लागणार." परवाना विकत न घेता घातलेली ती प्रत, हे उघड होते. मी आयुष्यभर मुलांना अस्तेय शिकविले. नातीने मात्र धर्मशास्त्राचा आधार न घेता सांगितले, की तिला उबुंटू घालावयाचे आहे. ही प्रणाली कायद्यानेच मोफत आहे, तिच्यासह लेखनाची व हिशेबाची साधने मोफत येतात, आणि मराठीची सोय तीत आहे. देवनागरी लिपी १९९१ साली युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत आली. त्यामुळे आज कोठल्याही यंत्रावर लिहिलेले मराठी दुसऱ्या यंत्रावर जसेच्या तसे वाचता येते. पुतण्याची विवरणपत्रे ब्राउझरमध्ये भरावयाची असतात; त्याचेही अडले नाही.

सायंकाळी खोकी घेऊन मुंबई सेंट्रलच्या आगारात आलो; तो तेथून जवळच आहे. रोह्याकडे जाणाऱ्या गाडीत मॉनिटर नातीच्या मांडीवर, मदरबोर्ड माझ्या मांडीवर आणि कॅबिनेट दोघांच्या पायांशी. मला मार्गात दोन यंत्रांची आठवण झाली. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या अभियंत्यांनी १९६० साली 'टिफ्रॅक' हा संगणक उभा केला. त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. त्याच्या तुलनेने माझ्या मांडीवरील पिशवीतील दोन पट्ट्यांत सोळा लक्षांहून अधिक पट मावते. दुसरे पुण्याच्या सी-डॅकचे 'परम ८०००', डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली तो सिद्ध झाला. त्यातील ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर इंग्लंडमधील कंपनीचे होते. ते अनेक एकत्र जोडून, त्यांस एकदिलाने काम करावयास लावण्याची विद्या आपली होती. सुटे भाग आणून जुळविण्यात कमीपणा मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसऱ्या दिवशी माजघरात स्वच्छ चादर अंथरून नातीने जुळणी केली. अंगातील स्थिर विजेने नाजूक भागांस अपाय होऊ नये म्हणून ती वरचेवर कॅबिनेटच्या पत्र्यास हात लावीत होती. सोवळ्यातील माणसाने अधूनमधून हात धुवावे तसे ते घरातील मंडळींस वाटले, आणि त्यांनी आपण होऊन मुलांना चार हात दूर बसविले. प्रोसेसर त्याच्या जागी बळ न लावता अलगद उतरला. त्यावरील पंखा खोक्यातच मिळाला होता. साडेतीन तासांनी बटण दाबले. पंखा फिरला, क्षणभर काही दिसेना, आणि मग पडद्यावर अक्षरे उमटली. कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत. आजीने एवढेच विचारले, "आता आठ कधी वाजायचे?"

या प्रश्नातच पुढची व्यवस्था झाली. पहिल्या आठवड्यात पुतण्याचे विवरणपत्र व नातीची परीक्षा एकाच सुमारास आली. पुतण्या आठ वाजून गेले तरी उठेना. नात दाराशी उभी राहिली, परंतु बोलली नाही. तेवढ्यात घरातील मंडळी जपमाळ घेऊन टेबलाजवळ पाटावर येऊन बसल्या आणि जप करू लागल्या. मणी सरकत होते. नजर पुतण्यावर होती. एक माळ पुरी होण्यापूर्वी तो उठला. तेव्हापासून हा क्रमच पडला आहे: रात्री आठला जपमाळ येते, आणि नात खुर्चीवर बसते. एकत्र कुटुंबातील सामाईक वस्तू दुबळ्या आवाजाच्या माणसापर्यंत पोहोचावयाची तर कोणा वडीलधाऱ्याने त्या वेळी तेथे बसावे लागते, हे मला या यंत्राने शिकविले.

पावसाळ्यापूर्वी पडवीची कौले झाली. उरलेल्या २,३०० रुपयांत टेबलास चार बोटे उंच पाय व यंत्रास जाड कापडाची खोळ करून घेतली. ज्येष्ठ-आषाढात वीज कितीदा गेली त्याची मोजदाद ठेवली नाही. यूपीएसचा आवाज होई, नात काम जतन करी आणि यंत्र बंद होई. महिन्यातून एकदा जाळी धुवावी लागते. पहिल्या वेळी तिच्यातून निघालेले पाणी पाहून ती धूळ आत गेली असती तर काय झाले असते, हे सर्वांस कळले.

वर दिलेले भाव वाचकांनी दरपत्रक म्हणून वापरू नयेत. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांनी स्मृतीच्या चिपांस मागणी लावल्यामुळे रॅमचे भाव फार चढले. ज्या पट्ट्यांस आम्ही ३,४०० दिले त्यांत ती पुढे मिळेनाशी झाली. भाव तिथीसारखे बदलतात. परंतु निवडीचा क्रम बदलत नाही. प्रथम घराने आकडा ठरवावा आणि तो कशाच्या तोडीवर ठरला हे सर्वांस ठाऊक असावे. मग यंत्राचे काम ठरवावे, मग गावाचे हवापाणी पाहावे, मग अंगांची पत्रिका जुळवावी, आणि शोभेचा विचार पैसे उरल्यास करावा. बाजारात जाताना मात्र ज्याला यंत्र वापरावयाचे आहे त्यालाच न्यावे, यादी त्याच्या हाती द्यावी, आणि आपण पिशव्या धराव्यात. इत्यलम्.